नेट बंद असतं तेव्हा कुणाचं बंद असतं?

जयपूरमध्ये शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मराठी मुलामुलींच्या अभ्यास मंडळात एप्रिल महिन्यात केलेलं हे भाषण. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी तसंच ठेवलं आहे.



तुम्ही मला विषय दिलात ‘सॉफ्टवेअर, सुरक्षा आणि इंटरनेटचं स्वातंत्र्य’. निरोप आला तेव्हा मी थोडी घाबरले. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी. कोडिंग मला येत नाही. संशोधनासाठी मी गोपालपुरा बायपासच्या अभ्यासिकांमध्ये सरकारी भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींबरोबर बसते, त्यांचं बोलणं टिपून घेते. पण मग लक्षात आलं की या शहरात राहून या विषयावर काही न बोलणंच अवघड आहे. जम्मू-काश्मीर सोडलं तर देशात सर्वाधिक वेळा इंटरनेट बंद करणाऱ्या राज्यांत राजस्थानचं नाव येतं, आणि आपण सगळे ते बंद झालेलं नेट हातात धरून बसलेले लोक आहोत.

आधी माझी एक गोष्ट सांगते.

२६ सप्टेंबर २०२१. रविवार होता. मी जयपूरला येऊन महिना झाला असेल. त्या दिवशी रीट होती, म्हणजे राजस्थानची शिक्षक पात्रता परीक्षा. सोळा लाखांच्या आसपास उमेदवार. आदल्या रात्रीपासून सिंधी कॅम्पच्या बसस्थानकावर पाय ठेवायला जागा नव्हती. सरकारने उमेदवारांना रोडवेजचा प्रवास मोफत केला होता, आणि सकाळपासून मोबाईल इंटरनेट बंद. म्हणजे अनोळखी शहरात फुकट आणून सोडलं आणि नकाशा काढून घेतला. चौकाचौकात पोरं प्रवेशपत्र दाखवून केंद्राचा पत्ता विचारत होती.

मला परीक्षा नव्हती. मला एका फेलोशिपचा अर्ज भरायचा होता, मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. तुम्ही म्हणाल, शेवटच्या दिवसापर्यंत थांबलीस कशाला? थांबले नव्हते. जात वैधता प्रमाणपत्राची नीट वाचता येईल अशी प्रत गावाकडून यायची होती. हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या गावातून वडील तालुक्याला गेले, स्कॅन करून घेतलं, आणि शनिवारी रात्री ते माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. सकाळी उठून भरू म्हटलं. सकाळी फोनवर फक्त बोलता येत होतं.

खाली घरमालकांकडे ब्रॉडबँड होतं आणि ते चालू होतं. हे नीट ऐका, कारण माझं पुढचं सगळं बोलणं याच्यावर उभं आहे. राजस्थानातले असे आदेश साधारण एकाच साच्याचे असतात: टू-जी, थ्री-जी, फोर-जी डेटा बंद, बल्क एसएमएस बंद, समाजमाध्यमं बंद, मोबाईलवरचं बोलणं, लँडलाईन आणि ब्रॉडबँड वगळून. मी खाली गेले, अडचण सांगितली, पासवर्ड मागितला. घरमालक चांगले गृहस्थ होते, मला ‘बेटा’ म्हणायचे. म्हणाले, "हां हां, क्यों नहीं. वैसे बेटा, पूरा नाम क्या लिखती हो?" महिनाभर मी त्यांच्या घरात राहत होते आणि माझं पहिलं नाव त्यांना पुरत होतं. मी पूर्ण नाव सांगितलं. त्यांनी अंगावर न येणारा दुसरा प्रश्न विचारला, "महाराष्ट्र में ये कौन लोग होते हैं?" मी तेही सांगितलं. मग ते म्हणाले, राउटरमध्ये सकाळपासून जरा गडबड आहे.

वरच्या मजल्यावरचा मुलगा जिन्यात बसून क्रिकेट पाहत होता. त्याच राउटरवर.

मी भांडले नाही. आजही ते शिव्याशाप देण्यासारखं काही वाटत नाही, इतकं ते नेहमीचं आहे. चालत तीन ई-मित्र केंद्रं पाहिली. आपल्याकडे जसं आपले सरकार सेवा केंद्र, तसं इथे ई-मित्र. दोन बंद. तिसऱ्याचा भैया दुपारी जेवायला गेला होता, त्याच्याकडे तारेचं नेट होतं. पण प्रमाणपत्र माझ्या फोनमध्ये, केबल नाही, केबल शोधण्यात वेळ गेला. फाईलचा आकार मोठा, ती लहान करण्यात वेळ गेला. पाच वाजून बारा मिनिटांनी स्क्रीनवर आलं की मुदत संपली आहे. एक वर्ष गेलं. पुढच्या वर्षी मिळाली, म्हणून आज मी इथे उभी आहे, पण त्या वर्षात मी काय काय केलं ते सांगत बसले तर विषय बाजूला राहील.

आता त्या दिवशी नेट कशासाठी बंद होतं? पेपर फुटू नये म्हणून. आणि पेपर? तो आधीच फुटला होता. एसओजीच्या तपासात पुढे आलं की दुसऱ्या स्तराचा पेपर जयपूरच्याच शिक्षा संकुलातून, जिथे तो कडेकोट ठेवला होता तिथून, परीक्षेच्या दोन दिवस आधी बाहेर गेला. बिकानेरमध्ये तर परीक्षार्थींच्या चपलेत दडवलेलं उपकरण सापडलं. पोलिसांच्या म्हणण्यानुसार अशा चपलेच्या जोडीला काही लाख रुपये मोजले गेले होते. जानेवारी २०२२ मध्ये बोर्डाच्या अध्यक्षांना हटवलं आणि ७ फेब्रुवारी २०२२ ला दुसऱ्या स्तराची परीक्षा रद्द झाली. ज्याने पेपर विकला त्याला नेट लागलं नाही, कपाटाची किल्ली पुरली. नेट लागत होतं ते बाकीच्या शहराला.

याहून चीड आणणारी गोष्ट अशी की हे करणार नाही असं सरकार आधीच बोलून बसलं होतं. जुलै २०१८ मध्ये पोलीस शिपाई भरतीच्या परीक्षेसाठी राज्यभर मोबाईल नेट बंद केलं गेलं. त्यावर उच्च न्यायालयात याचिका झाली, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये जोधपूरला सरकारच्या वतीने सांगितलं गेलं की परीक्षांसाठी इंटरनेट बंद करणार नाही. त्या शब्दावर याचिका निकाली निघाली. तीन वर्षं पूर्ण व्हायच्या आत रीट, मग ऑक्टोबरमध्ये पटवारी भरती. सरकारं बदलली, सवय राहिली.

कायदा थोडक्यात समजून घ्या, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की कलेक्टरच्या मनात आलं की नेट बंद. १८८५ च्या तार कायद्याचं कलम ५(२), आणि त्याखाली ऑगस्ट २०१७ मध्ये केलेले नियम. दोनच कारणं चालतात: सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता. आदेश राज्याच्या गृह सचिवाचा, फारच निकड असेल तर त्याने अधिकार दिलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याचा. राजस्थानात हे काम संभागीय आयुक्त करतात. आदेशात कारण लिहायचं, आणि पाच कामकाजाच्या दिवसांत पुनर्विलोकन समितीने तो तपासायचा. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नवे नियम आले, सांगाडा तोच आहे. भरतीची परीक्षा ही सार्वजनिक आणीबाणी कशी होते, हे मला कुणी समजावून सांगावं. संसदेच्या माहिती तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२१ च्या अहवालात परीक्षेसारख्या रोजच्या कामासाठी नेट बंद करण्यावर बोट ठेवलं, आणि देशात कुठे किती वेळा नेट बंद झालं याची नोंदच केंद्राकडे नाही हेही लिहिलं. नोंद बाहेरचे लोक ठेवतात. ‘अ‍ॅक्सेस नाऊ’ या संस्थेने भारतात २०२३ मध्ये ११६ आणि २०२४ मध्ये ८४ वेळा नेट बंद झाल्याचं मोजलं आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० ला अनुराधा भसीन खटल्यात काश्मीरच्या संदर्भात निकाल दिला. बेमुदत बंदी चालणार नाही, बंदी प्रमाणात हवी, आणि आदेश प्रसिद्ध करावाच लागेल. का प्रसिद्ध करायचा? ज्याचं नुकसान झालं त्याला तो न्यायालयात आव्हान देता यावा म्हणून. साधी गोष्ट आहे. पण आदेश शोधायला गेलात तर तो बहुतेक वेळा पत्रकाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोच्या रूपात सापडतो, म्हणजे नेट पुन्हा सुरू झाल्यावर.

इथे मला महाड आठवतं. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा, हे आपल्याला पाठ आहे. त्याच्या आधीची तारीख आपण कमी सांगतो. मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ मध्येच मंजूर झाला होता, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठरावही केला होता. कागदावर पाणी तीन वर्षं वाहत होतं. ते ओंजळीत घ्यायला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन जावं लागलं, आणि त्यानंतरही न्यायालयातलं प्रकरण संपायला १९३७ उजाडलं. त्यामुळे निकाल आला की मला आनंद होतो, पण मी लगेच विचारते, तळ्यावर कोण गेलं?

तळ्याची उपमा मी आणखी ताणणार नाही. पाणी आणि नेट एक नव्हे. पाण्याशिवाय माणूस मरतो. पण कुणाचं बंद झालं आणि कुणाचं चालू राहिलं, हा प्रश्न दोन्हीकडे सारखा आहे. देशात ब्रॉडबँड म्हणून ज्यांची गणना होते त्या शंभर जोडण्यांतल्या पंच्याण्णवच्या आसपास मोबाईलवरच्या आहेत. तार पाच टक्क्यांच्या घरात. ती पाच टक्के घरं कुणाची? स्वतःचं पक्कं घर, एका पत्त्यावर वर्षानुवर्षं मुक्काम, महिन्याला सहाशे-आठशे रुपये भरायची ऐपत. आपल्यातल्या किती जणांच्या गावाकडच्या घरात तार आहे? हात वर करा. बघा. तीन. सभागृहात आपण पन्नास जण आहोत. ‘इंटरनेट बंद’ हा शब्दच चुकीचा आहे. बंद असतं ते रिचार्जवालं नेट.

आता २ एप्रिल २०१८ कडे येते. हा महिना त्या आठवणीचाही आहे. ती गोष्ट सुरू कुठे होते? आपल्या सातारा जिल्ह्यात, कराडमध्ये. तिथल्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातल्या एका कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी प्रतिकूल शेरे मारले, त्याने अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार केली, आणि ते प्रकरण ‘सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने सर्वोच्च न्यायालयात पोचलं. २० मार्च २०१८ ला, तारीख पाहा, महाडचीच, न्यायालयाने त्या कायद्यातल्या अटकेवर आणि गुन्हा नोंदवण्यावर अशा अटी घातल्या की कायद्याचे दात निघाले. दहा-बारा दिवसांत भारत बंद उभा राहिला. एका पक्षाचा नव्हता, एका नेत्याचा नव्हता. तो फोनवरून फोनवर गेला. कुणी पोस्टर छापायला पैसे दिले नव्हते.

मला इथे ‘मूकनायक’ आठवल्याशिवाय राहत नाही. ३१ जानेवारी १९२० ला तो निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. जाहिरातीलाही दार बंद. आणि ९८ वर्षांनी आपली पोरं कुठल्याही संपादकाला न विचारता देश बंद करून दाखवतात. या फरकाला मी इंटरनेटचं स्वातंत्र्य म्हणते.

त्या दिवशी राजस्थानातल्या अनेक जिल्ह्यांत नेट बंद झालं. अलवर जिल्ह्यातल्या खैरथलमध्ये एका दलित तरुणाचा गोळी लागून मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी, ३ एप्रिलला, करौली जिल्ह्यातल्या हिंडौनमध्ये हजारोंच्या जमावाने एका विद्यमान दलित आमदाराचं आणि एका माजी दलित मंत्र्याचं घर पेटवलं. एक भाजपच्या, दुसरे काँग्रेसचे. पक्षाने वाचवलं नाही हे तर दिसलंच. पण मी नेटच्या बाजूने विचार करते. जमावाला एकत्र यायला बाजारपेठ असते, संघटना असते, लँडलाईन असते, ओळखीचा ठाणेदार असतो. ज्याचं घर जळतं त्याच्याकडे पुरावा म्हणून एक फोन असतो, आणि तो मुका केलेला असतो. पुढे कायदा दुरुस्त झाला, ऑगस्ट २०१८ मध्ये १८-अ कलम आलं, आणि १० फेब्रुवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. बंदने हे मिळवलं. त्या बंदमधल्या केसेस मात्र गावोगावी पोरांनी किती वर्षं अंगावर वागवल्या, ते मी अभ्यासिकांमध्ये ऐकते. भरतीच्या चारित्र्य पडताळणीत ते बाहेर येतं.

कुणी म्हणेल, मॅडम, अफवांचं काय? प्रश्न खरा आहे आणि तो आपणच विचारला पाहिजे, कारण अफवेत मरणारी माणसं बहुतेक वेळा आपलीच असतात. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आली अशी अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, पोटासाठी भिक्षा मागत फिरणारी, मंगळवेढ्याकडची. आठवडी बाजाराच्या दिवशी त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मी राईनपाड्याबद्दल वाचते तेव्हा ‘नेट मोकळं पाहिजे’ हे वाक्य माझ्या घशात अडकतं. मला त्याचं पूर्ण उत्तर सापडलेलं नाही. एवढं दिसतं की भटक्या माणसाकडे गाव संशयाने बघतं, ही गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपच्या फार आधीची आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या तेव्हा कुठे फॉरवर्ड होतं? अफवेला लागणारं जळण आधीच रचलेलं होतं. आणि नेट बंद केल्याने खोटं थांबतं तसंच ते खोटं आहे हे सांगणारंही थांबतं. तरीसुद्धा, एखाद्या तालुक्यात काही तासांसाठी, लेखी कारणासह, प्रसिद्ध केलेल्या आदेशाने बंदी घातली तर मी तिला लगेच हुकूमशाही म्हणणार नाही. परीक्षेसाठी अख्ख्या शहराचं नेट बंद करणं ही त्या जातीची गोष्टच नाही.

दुसरी बाजू बोलायची राहिली. नेट काढून घेणं हा एक प्रकार, आणि ते सक्तीने हातात देणं हा दुसरा. माझी आई अंगणवाडी सेविका आहे. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आला. राज्याने दिलेला फोन जुना, तापणारा, सारखा अडकणारा, आणि अ‍ॅप इंग्रजीत. आई सातवी शिकलेली. पोरांची वजनं ती वहीत बिनचूक लिहायची, ती आता रात्री मला फोनवर स्पेलिंग विचारायची. त्या वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी ते फोन सरकारला परत केले, आईनेही केला. युनियन उच्च न्यायालयात गेली. मला त्या आंदोलनाचं फार कौतुक आहे. सॉफ्टवेअर कुणाच्या भाषेत असावं, हा प्रश्न मी कुठल्याही परिसंवादात इतका स्वच्छ मांडलेला ऐकला नाही.

पेटंटचं दोन मिनिटांत सांगते, विषयात शब्द आहे म्हणून. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) प्रमाणे गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना पेटंट मिळत नाही. कोडवर कॉपीराइट असतो, म्हणजे तुमचं लिहिलेलं कुणी जसंच्या तसं उचलू शकत नाही. पण कल्पनेवर कुंपण घालता येत नाही. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने हे कुंपण घालायचा प्रयत्न झाला, २००५ मध्ये संसदेने तो भाग गाळला. ऑगस्ट २०१५ मध्ये पेटंट कार्यालयाने मार्गदर्शक सूचनांमधून तीच वाट उघडली. मुक्त सॉफ्टवेअरवाले आणि लहान कंपन्या ओरडल्या, डिसेंबरमध्ये त्या स्थगित झाल्या, फेब्रुवारी २०१६ मध्ये कडक सूचना आल्या, २०१७ मध्ये पुन्हा सैल. हा खेळ चालूच आहे. आयटीआय करून स्वतः शिकून अ‍ॅप बनवणाऱ्या आपल्या पोराला वकील परवडत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी आपण कुठे उभं राहायचं ते कळतं.

आता सुरक्षा. इथे मला सावकाश बोलायचं आहे.

भीमा कोरेगाव प्रकरण तुम्हाला माहीत आहे. १ जानेवारी २०१८ चा हिंसाचार, त्याआधीची शनिवारवाड्यावरची एल्गार परिषद, आणि त्यानंतर झालेल्या अटका. ६ जून २०१८ ला ज्यांना अटक झाली त्यांत रोना विल्सन होते, नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग होते, ‘विद्रोही’चे सुधीर ढवळे होते. खटल्याचा मोठा आधार संगणकात सापडलेली पत्रं. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ‘आर्सेनल कन्सल्टिंग’ या संगणक तपासणाऱ्या कंपनीचा अहवाल बाहेर आला. बचाव पक्षाने विल्सन यांच्या लॅपटॉपची प्रत त्यांच्याकडे तपासायला दिली होती. अहवाल म्हणतो, जून २०१६ मध्ये विल्सन यांना वरवरा राव यांच्या खात्यावरून मेल आले, जोडलेली फाईल उघडा असा आग्रह झाला, त्यांनी ती उघडली. समोर एक साधं कागदपत्र दिसलं. मागे नेटवायर नावाचा घुसखोर प्रोग्राम बसला. तो बावीस महिने तिथे होता. लपवलेल्या फोल्डरमध्ये पत्रं ठेवली गेली, आणि विल्सन यांनी ती कधी उघडल्याची खूण नाही. गडलिंग यांच्या संगणकातही तोच हल्लेखोर होता असा पुढचा अहवाल आला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये स्टॅन स्वामींच्या संगणकाबद्दलही. तोवर त्यांना कोठडीत असताना जाऊन दीड वर्ष झालं होतं. एनआयएला हे निष्कर्ष मान्य नाहीत. विल्सन आणि ढवळे यांना जानेवारी २०२५ मध्ये जामीन मिळाला, साडेसहा वर्षांनी. खटला त्यांच्या सुटकेनंतरही चालायचाच राहिला.

मी हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. गडलिंग दलितांच्या, आदिवासींच्या केसेस चालवणारे वकील. वकिलाला रोज अनोळखी माणसाची फाईल उघडावीच लागते. कार्यकर्त्याचं, संशोधकाचं, पत्रकाराचं तेच. दार उघडं ठेवणं हेच ज्याचं काम, त्याच्याच दारातून घुसता येतं.

आपल्यापैकी बहुतेकांच्या मागे कुणी एवढा खर्च करणार नाही. आपला धोका साधा आहे आणि तो ई-मित्रच्या, सायबर कॅफेच्या टेबलावर आहे. शिष्यवृत्तीच्या पोर्टलचा पासवर्ड दुकानदाराच्या वहीत. आधार, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक त्याच्या डेस्कटॉपवर, तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये, आणि ओटीपी आपण मोठ्याने वाचून दाखवतो. पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्याला हे करावंच लागतं, घरी सांगणारं कुणी नसतं, मीही केलंय. आता करू नका. काम झालं की फाईल डिलीट करायला लावा, रिसायकल बिनमधूनही. ईमेलला दुहेरी पडताळणी लावा. आधारची प्रत द्यायची तर पहिले आठ आकडे झाकलेली द्या, ती अधिकृत संकेतस्थळावरून मिळते. बोटांचे ठसे लॉक करता येतात, करा. फोनचा अपडेट ‘नंतर’ म्हणून ढकलू नका. झिप किंवा रार फाईल ओळखीच्या माणसाकडून आली तरी आधी फोन करून विचारा, तूच पाठवलीस का.

मुलींनो, वसतिगृहाबद्दल एक. कोझिकोडजवळच्या एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते दहा फोन जमा करायचा नियम होता. एका मुलीने ऐकलं नाही, तिला काढलं. ती न्यायालयात गेली. १९ सप्टेंबर २०१९ ला केरळ उच्च न्यायालयाने सांगितलं की इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. फहीमा शिरीन खटला. रेक्टरबाई फार बोलल्या तर नाव लिहून द्या.

या राजस्थानबद्दल मी एकतर्फी बोलले असं वाटू नये. उच्च न्यायालयाच्या आवारात १९८९ पासून मनूचा पुतळा उभा आहे ते हे शहर. ८ ऑक्टोबर २०१८ ला महाराष्ट्रातून आलेल्या दोन बायांनी त्याला काळं फासलं तेही हेच. आणि १९९६ मध्ये ब्यावरला मजूर किसान शक्ती संघटनेच्या लोकांनी चाळीस दिवस धरणं धरून हिशेब मागितला, तिथून माहितीचा अधिकार देशात गेला. २०१९ मध्ये इथेच जन सूचना पोर्टल सुरू झालं. कुठल्या गावात कुणाला रेशन मिळालं, कुणाला पेन्शन, हे न विचारता बघता येतं. सरकारचा हिशेब फोनवर उघडा करणारं राज्य आणि फोनच बंद करणारं राज्य एकच आहे. हिशेब मागायची ती जुनी सवय नेटबंदीच्या आदेशांनाही लावता येईल. पुढच्या वेळी नेट बंद झालं की दुसऱ्या दिवशी दहा रुपयांचा माहिती अर्ज टाका: आदेशाची प्रत द्या, पुनर्विलोकन समितीच्या बैठकीचं इतिवृत्त द्या. पन्नास जणांनी टाकले तर पन्नास उत्तरं तरी लिहावी लागतील.

शेवटी घरचं. ती खोली मी सोडली. आता आम्ही चौघी जणी एका फ्लॅटमध्ये राहतो, वर्गणी काढून तार घेतली आहे. भरतीच्या परीक्षेची तारीख आली की आदल्या रात्री पासवर्ड बदलतो आणि कागदावर लिहून बाहेरच्या दारावर चिकटवतो. जिन्यात पोरं बसतात, कुणी केंद्राचा नकाशा उतरवून घेतं, कुणी अर्ज भरतं, कुणी घरी पैसे पाठवतं. आडनाव कुणी विचारत नाही. पुढच्या रविवारी परीक्षा आहे, ज्यांना यायचं ते या, पत्ता मंडळाकडे आहे. पासवर्ड मात्र इथे सांगत नाही, कारण हे भाषण छापलं जाणार आहे.

जय भीम.